बरं हाय म्हणायची सवय

ती डॉक्टर झाली तेव्हा पेढे तिच्या बापाने वाटले नाहीत, मी वाटले. मुरबाडहून धसईला जाणाऱ्या लाल गाडीत, मागच्या बाकड्यापासून सुरुवात करून. मी कंडक्टर होतो. मशीनमधून तिकीट काढायचं, हातावर ठेवायचं, वर एक पेढा ठेवायचा. लोक विचारायचे, मास्तर, पोरगी तुमची का? मी म्हणायचो, आपलीच. धसईच्या पलीकडच्या पाड्यावरची ती, भात लावणाऱ्या घरातली. शाळेपासून बारावीपर्यंत माझ्याच गाडीने गेली. माझ्या सीटला टेकून उभी राहायची आणि दप्तर न विचारता माझ्या मांडीवर टाकायची. मी खेकसायचो, की ही मांडी हाय का टपावरचं कॅरेज. ती पास नाचवून दाखवायची आणि पुस्तकात तोंड घालायची.

तोंडाचा मी फटकळच. सुटे नाहीत म्हणणाऱ्याला मी असा काही बघायचो की त्याच्या कनवटीतून आपोआप नाणी बाहेर यायची. पुढं सरका म्हटलं की म्हातारी टोपलीसकट सरकायची. घरी बायको म्हणायची, अवो, ही गाडी नाय, घर हाय, इथं कोण सरकणार नाय. पण या पोरीपुढे माझा आवाज कधी चढला तरी त्यात दम नसायचा, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पुढे ती हाडांची डॉक्टर झाली. मुंबईत राहिली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. पण ती परत आली आणि शहापूरच्या अलीकडे, हायवेला लागून असलेल्या एका लहान दवाखान्यात बसायला लागली. मग काय विचारता. धसई, सरळगाव, किन्हवली, तिकडे खर्डीपर्यंत ज्याचा म्हणून गुडघा वाजत होता तो उठला आणि तिच्याकडे निघाला. मोकळ्या हाताने कुणी जात नसे. काकडी, वालाच्या शेंगा, नाचणीचं पीठ, कुणी पदरात बांधून अंडी. तिच्या टेबलाखाली बाजार भरलेला असायचा. ती रागवायची, की हे आणू नका, मला फक्त दुखणं सांगा. आमची माणसं भाजी ठेवायची, आणि दुखणं सांगायच्या वेळी लाजायची.

मी तिच्याकडे गेलो तो आडवा होऊन गेलो. श्रावणातली गोष्ट. धसईच्या स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टरने पाठीमागे उभं राहून येऊ दे, येऊ दे करायचं असतं. मी येऊ दे करत स्वतःच मागे सरकत गेलो, शेवाळावर पाय पडला आणि गटाराच्या काठावर आपटलो. गाडीचा काही दोष नाही. माझ्या ड्रायव्हरचा तर नाहीच. हा खर्डीचा. आम्ही दोघं एकाच गाडीवर इतकी वर्षं काढली होती की डेपोत आम्हाला नवरा-बायको म्हणायचे; बायको कोण यावर वाद होता. त्यानेच मला उचलून बाकड्यावर घातलं, पॅसेंजरच्या हातापाया पडून त्यांना उतरवलं, आणि साहेबांचे फोन वाजत असताना गाडी सरळ तिच्या दारात नेऊन लावली.

उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ती म्हणाली, काका, सांधा बदलावा लागेल. ऑपरेशनच्या आधी तिने मला तो सांधा दाखवला. मला वाटलं होतं चकचकीत असेल. वरचा गोळा तसा होताही. पण मांडीच्या हाडात ठोकायचा दांडा नुसता खरखरीत, बोट फिरवलं तर कातडी ओढली जाईल असा. मी लगेच तोंड उघडलं, की अगो, निदान घासून तरी द्यायचा माणसाला. तेव्हा ती हसली आणि टेबलाच्या कडेवर बसून तिने मला समजावलं. तो खरखरीतपणा मुद्दाम केलेला. त्यात डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत, आणि वरून हाड ज्या क्षारांचं बनतं त्यांचाच पातळ थर दिलाय. गुळगुळीत धातूला हाड परकं समजतं आणि लांब राहतं. अशा धातूला आपलं समजतं आणि भोकाभोकांत शिरतं. मग सिमेंट लागत नाही, खिळा लागत नाही, माणूस आणि धातू एक होतात. असा सांधा नवीन होता. मुंबईतले तिचे सर आणि ती मिळून बघत होते, की शरीर त्याला किती लवकर धरतं, किती घट्ट धरतं. त्यासाठी ज्यांना तो बसवला त्यांना ती पुढची कितीतरी वर्षं बोलावून विचारणार होती. चालेल का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठी दोन्ही पाय घे.

अट एकच होती. दीड महिना त्या पायावर पूर्ण भार द्यायचा नाही, वॉकर सोडायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. हाड आत शिरेपर्यंत दांडा केसभरही हलता कामा नये. हलला तर हाडाच्या जागी मऊ पापुद्रा धरतो, आणि एकदा तो धरला की दांडा आयुष्यभर ढिलाच. "काका, आवणी केल्यावर रोप रोज उपटून बघतं का कुणी?" ती म्हणाली. शेतकऱ्याची पोर, तिला बरोबर कुठे मारायचं ते कळतं. मी शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

उकिडवं बसायचं नाही म्हणजे सकाळचं काय? बायकोने मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची आणवली आणि पडवीत जुन्या लुगड्याच्या आडोशाला ठेवली. मला बघायला येणारी माणसं आधी खुर्ची बघायची, मग मला. काहींनी तर हात लावून, हलवून बघितली. बायको मोठ्याने म्हणायची, बसा राजे, तुमचं शिंव्हासन तयार हाय. मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. जन्मभर गाडीभर माणसांना धाकात ठेवलेला मी, आणि आडोशामागे बसलो की बाहेर पाव्हणे खाकरायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी मी पाळलं. खुर्ची पाळली, वॉकर पाळला. वॉकर म्हणजे पोरांचा पांगुळगाडाच, फक्त पोराला तो शोभतो.

आणि महिना पुरा व्हायच्या आत शेजारी गेला.

शेजारी म्हणजे ज्याचं भाताचं खाचर माझ्या खाचराच्या वरच्या अंगाला. पाणी सोडण्यावरून एकदा बांधावर आमची जुंपली होती. मी त्याला त्याच्या मेलेल्या आईवरून बोललो. फटकळ तोंड, उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हापासून बोलणं बंद. त्याच्या घरच्या हळदीला मी नाही, माझ्या घरच्या सत्यनारायणाला तो नाही. आमच्याकडे वैर कितीही असो, मयताला खांदा चुकवत नाहीत. खांदा दिला की फिटलं. नाही दिला तर ते पोरांच्या वाट्याला जातं.

बायको दारात आडवी झाली. म्हणाली, वॉकर घेऊन अंगणात उभे राहा, हात जोडा, लोक समजून घेतील. तिचं बरोबर होतं. पण आमची माणसं तोंडावर समजून घेतात आणि नळावर गेल्यावर बोलतात, हे मला ठाऊक होतं. म्हणतील, बघा, ढोंग करतोय, मेल्यावरही मनातलं काढलं नाय. तेही असो. खरं सांगायचं तर वैर फिटावं वगैरे मला मागाहून सुचलं. सगळा गाव जमलेला असताना त्या पांगुळगाड्याला धरून टुकटुक करत जायची मला लाज वाटली. एवढंच कारण. बायकोला बाजूला सारलं, वॉकर भिंतीला टेकवला आणि निघालो.

घरापासून विसाव्यापर्यंत मी खांदा दिला. विसावा म्हणजे मसणवटीच्या वाटेवर तिरडी थोडा वेळ खाली ठेवतात आणि खांदेकरी बदलतात, ती जागा. आमचा विसावा नदीकडच्या उतारावर आहे. पावसाने वाट लोण्यासारखी झालेली. विसावा दिसायला लागला तेवढ्यात माझा पाय सरकला. पडलो नाही. पण माझा भार आणि मयताचा भार सगळा उजव्या पायावर आला, आणि मांडीत, खोल आत, काहीतरी खसकन खाली गेलं. डोळ्यांपुढे काळोख आला. कुणाला कळलं नाही. तिरडी खाली ठेवली, मी बाजूला झालो. शेजाऱ्याचा थोरला मुलगा माझे दोन्ही हात धरून रडला. म्हणाला, बाबा तुमचं नाव काढायचे. मलाही रडू आलं. तेव्हा वाटलं, आलो ते बरं झालं.

त्या दिवसापासून मांडीत कळ सुरू झाली. बसलेला असलो आणि उठलो की पहिल्या काही पावलांना जीव जायचा. चालत राहिलं की ओसरायची. म्हणून मी बसणंच सोडलं. कुणाच्या घरी गेलो की उभा. जेवायलासुद्धा खुर्चीच्या टोकावर टेकल्यासारखा. दवाखान्यात तपासणीला गेलो की नंबर येईपर्यंत व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालायचो, म्हणजे आत जाईपर्यंत पाय तापलेला असायचा आणि मी तिच्यासमोर पोरासारखा चालत जायचो. ती खूश व्हायची. एक्स-रेचे फोटो काढायची. म्हणायची, फोटोत ढिलेपण उशिरा दिसतं, माणसाला आधी कळतं, म्हणून फोटोपेक्षा मला तुमचं ऐकायचंय. खरं सांगा काका, कसं वाटतं?

बरं हाय.

आमच्याकडे हे उत्तर तोंडात तयारच असतं. तापाने फणफणलेला माणूस आधी बरं हाय म्हणतो आणि मग वाकळ अंगावर ओढतो. ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याला वाईट बातमी द्यायची नाही, अशी आमची रीत. आणि ही तर आपली पोरगी. हिच्या हातचं बिघडलं म्हणायचं म्हणजे आपणच आपलं नाक कापायचं. शिवाय दुखतंय म्हटलं तर का दुखतंय ते आलं, विसावा आला, भिंतीला टेकवलेला वॉकर आला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी वालाच्या शेंगा टेबलावर ठेवायचो आणि बाहेर पडायचो. गाडीत बसायचो नाही, रिकामी असली तरी दांडा धरून उभा.

बायकोला सगळं दिसत होतं. आधी ती बडबडली, मग रडली, मग गप्प झाली. ती बोलते तोवर घर चालू आहे असं मला वाटतं. ती गप्प झाली की भीती वाटते. कुणी घरात नुसता दवाखान्याचा विषय काढला तरी मी अंगावर धावून जायचो. खाई त्याला खवखवे, आणखी काय.

असंच चाललं असतं. एकदा ड्रायव्हर घरी आला. तो रिटायर झाला होता, मीही आजारपणात नोकरी सोडली होती. बरीच वर्षं क्लचवर पाय ठेवून त्याचा डावा खुबा झिजला होता, काठीशिवाय उभं राहवेना. आमची डॉक्टर त्याला म्हणाली होती, बदलू या, काकांना बसवला तोच सांधा. खर्डीहून इतक्या लांब, दोन गाड्या बदलून, तो मला एकच गोष्ट विचारायला आला होता.

गाडीवर कंडक्टरची बेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. दोन टोले पडले की ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. दारात कोण लोंबकळतंय, चाकाजवळ कुणाचं पोर आहे, ते कंडक्टरने बघायचं. त्याने फक्त ऐकायचं आणि गिअर टाकायचा. इतक्या वर्षांत त्याने एकदाही मान वळवून खात्री केली नव्हती.

"तू सांग," तो म्हणाला. "करू का?"

"कर. माझं बघतोस ना, बरं हाय," मी म्हटलं.

त्याने चहा प्यायला, बायकोची थट्टा केली, माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. बायकोने कपबशी उचलली ती माझ्याकडे न बघता. मी त्या दिवशी जेवलो नाही. मी खोटं बोललो याचं तेवढं लागलं नाही. पॅसेंजर कंडक्टरशी रोज खोटं बोलतात, बारा वर्षांच्या पोराला पाच वर्षांचं करतात, मला त्याची सवय आहे. पण त्याने मला दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

त्याला दाखल करायचा दिवस आला. मी बरोबर जायचं ठरलं होतं. निघताना बायको एवढंच म्हणाली, की आज तरी सांगाल का? वाटेत चार वेळा ठरवलं की पोचल्या पोचल्या तिला गाठायचं, ड्रायव्हरच्या आधी. पोचलो तर व्हरांडा गच्च. तो दिवस त्या नव्या सांध्यांच्या तपासणीचा होता. आमच्याच भागातली माणसं, बाकड्यांवर रांगेत, मांडीवर पिशव्या घेऊन. मी नेहमीसारखा येरझाऱ्या घालायला निघालो, तेवढ्यात ड्रायव्हरने माझा हात धरला आणि मला शेजारी बसवलं. घाट उतरताना एका हाताने स्टिअरिंग धरणारा हा, आज माझा हात दोन्ही हातांनी धरून बसला होता. मी हात सोडवून घेऊ शकलो नाही. बसून राहिलो, आणि पाय आत गार गार होत गेला.

डॉक्टर बाहेर आली ती हसत. ड्रायव्हरचा चेहरा बघून त्याच्यापुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की घाबरायचं काही कारण नाही, हे काका माझे सगळ्यांत चांगले पेशंट आहेत. मग माझ्याकडे वळली. "काका, यांना जरा चालून दाखवा."

सगळा व्हरांडा बघायला लागला. ड्रायव्हरने माझा हात सोडला.

मी उठलो. पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तोंडावर हसू होतं, ते मी दातांनी धरून ठेवलं होतं. दुसऱ्या पावलाला कळ कमरेपर्यंत आली. तिसऱ्याला मी भिंत धरली. पाण्याच्या पिंपापर्यंत कसाबसा पोचलो आणि तिथून वळता येईना. पाठ सगळ्यांकडे, तोंड भिंतीकडे, असा उभा राहिलो. शाळेत शिक्षा झाली होती तेव्हाही इतका वेळ असा उभा नव्हतो. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. मागून कुणीतरी कुजबुजलं. मग तिच्या चपलांचा आवाज आला. ती हाडांची डॉक्टर, तिला दोन पावलांतच कळलं असणार.

तिने हळूच विचारलं, कधीपासून? मी म्हटलं, विसाव्यापासून.

तिला कळेना. मग तिने मला आत नेलं. ड्रायव्हरही काठी टेकत मागोमाग आला, त्याला कुणी थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं. शेजारी, खांदा, उतार, आत खसकन झालं ते. तापवलेल्या पायाची युक्तीसुद्धा सांगितली. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून टेबलाखाली बघत होतो. तिथे काकड्या होत्या.

आधी ड्रायव्हर बोलला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी हळू म्हणाला, "इतक्या वर्षांत अशा किती बेला दिल्यास रे मला?"

एकही नाही. ही पहिलीच. हे देवाशपथ खरं होतं, पण ते मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? खोट्या माणसाचं खरंही खोट्यातच जमा होतं. तो माझ्याकडे न बघता खिडकीतून हायवेकडे बघत राहिला. त्याने पुढे ऑपरेशन करून घेतलं, वॉकरही सगळे दिवस सोडला नाही, आज तो काठीशिवाय चालतो. माझाही दांडा काढून दुसरा बसवला. पण त्यानंतर तो माझ्याकडे कधी काही विचारायला आला नाही.

डॉक्टरने मला दोन-तीन प्रश्न विचारले, पाय नेमका कुठे दुखतो, वळताना का उठताना. मग म्हणाली, की आता हा सांधा धरला नाही तो सांध्याच्याच दोषामुळे का तुम्ही दिलेल्या खांद्यामुळे, हे मला कधीच सांगता येणार नाही. तो थर अजून जाड हवा का पातळ, भोकं मोठी हवीत का बारीक, हे आम्हाला तुमच्या सांगण्यावरून ठरवायचं होतं. तुमचं मी चांगलं म्हणून धरलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर मला पाया पडता आलं असतं.

मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, की सरांना मी अभिमानाने सांगत असते. मुंबईच्या पेशंटांच्या तक्रारी असतात, पण आमच्याकडची माणसं बघा, एकाचीही तक्रार नाही. "एकाचीही नाही," ती परत म्हणाली, आणि दाराकडे बघायला लागली.

ती बाहेर गेली. मी भिंत धरून मागे गेलो. तिने व्हरांड्याच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना विचारलं, कसं आहे? बाकड्यांवरून एका सुरात आलं, बरं हाय. पिशव्या सरसावल्या. कुणी म्हणालं, तुझ्या हाताला यश हाय गो बाय.

तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं की हे काम माझं आहे. दोन बाकड्यांच्या रांगांमध्ये मी उभा राहिलो, जसा गाडीत उभा राहायचो, आणि त्याच आवाजात बोललो. माझा सांधा सुटलाय. आज नाय, कधीचाच सुटलाय. मी हिच्याशी दर खेपेला खोटं बोललो. आता ज्याचं दुखत असेल त्याने हात वर करा.

कुणी हात वर केला नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. किन्हवलीकडची एक आजी होती, मांडीवर पिशवी, डोक्यावरून पदर. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मग मान वर न करताच म्हणाली, "दुखतं गो. रातचं कूस बदलवत नाय."

डॉक्टर तिच्यापुढे खाली बसली. म्हणाली, "आजी, मी दर वेळी विचारते. मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला वाईट वाटंल म्हणून."

मग एक हात वर आला. मग दुसरा, मग पलीकडच्या बाकड्यावरचा. मी खाली बघितलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या पोरीला काय दिलं होतं, ते मला दिसत होतं. कौतुक म्हणून नुसतं बरं हाय दिलं होतं. एवढी शिकलेली, एवढ्या लांबून परत आलेली, आणि आम्ही एकानेही तिला कामाची एक गोष्ट सांगितली नव्हती.

तिने आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ओढणीने तोंड पुसलं, उठली, आणि पहिल्या बाकड्यापासून सुरुवात केली. एकेकाजवळ वाकून विचारत होती, कुठे दुखतं, कधी दुखतं, काय केल्यावर दुखतं. माणसं आधी अडखळत, मग भडाभडा बोलायला लागली. एक बाई तर सांगता सांगता रडली. मला कुणी बसा म्हटलं नाही आणि मी बसलो नाही.

शेवटी ती माझ्यापुढे आली. दप्तर मांडीवर टाकायची तेव्हापासून आजपर्यंत तिने मला ज्या हाकेने बोलावलं, ती हाक तिच्या तोंडात आली नाही. कुणा परक्या पेशंटला विचारावं तसं तिने विचारलं, "तुम्हाला नेमकं कुठं दुखतं?"

मी मांडीवर बोट ठेवून जागा दाखवली.